राज्यसंस्थेवर तडजोड झाली, तिजोरीवर झाली नाही : अमेरिकेतील लिबर्टेरियन चळवळीची फूट (1974–1983)

सरकार मुळात असावे की नसावे, या प्रश्नावर अमेरिकेतल्या लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुक्त बाजार मानून सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या, मंडळींनी 1974 साली समझोता केला आणि पुढे कित्येक वर्षे तो पाळला. राजकीय तत्त्वज्ञानात याहून मोठा मतभेद शोधून सापडणार नाही. मात्र त्यानंतर सहाच वर्षांत, आपल्या उमेदवाराने टीव्हीवर पक्षाची ओळख कोणत्या शब्दांत करून द्यायला हवी होती, या त्यामानाने लहान मुद्द्यावर हीच मंडळी अशी फुटली की पुन्हा जुळली नाहीत. मोठा वाद मिटला आणि लहान वाद का चिघळला, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

ही फूट साधारणपणे ‘तत्त्वनिष्ठ विरुद्ध व्यवहारवादी’ अशी सांगितली जाते. एका बाजूला अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड, दुसऱ्या बाजूला पक्षसंघटक एड क्रेन आणि त्यांच्यामागे उद्योगपती चार्ल्स कोक यांचा पैसा. ही मांडणी खोटी नाही, पण अपुरी आहे. तत्त्वनिष्ठ आणि व्यवहारवादी 1974 मध्येही होतेच आणि तेव्हा ते एका छताखाली नांदले. मधल्या काळात जे बदलले ते चळवळीचे अर्थकारण. संस्था, मासिके, विद्यार्थी संघटना आणि निवडणूक मोहीम या सगळ्यांची मुळे एकाच तिजोरीत गेली. मग वाद झाला की तो सोडवायला तिऱ्हाईत कोणी उरलाच नाही. मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते यामुळे.

डलास, 1974

15 ऑगस्ट 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वेतन आणि किमती गोठवल्या आणि डॉलरचा सोन्याशी असलेला उरलासुरला संबंध तोडला. रिपब्लिकन पक्षाकडून मुक्त बाजारपेठेची आशा बाळगणाऱ्या अनेक तरुणांना हा विश्वासघात वाटला. डेव्हिड नोलन आणि त्यांच्या मित्रांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलोरॅडोत लिबर्टेरियन पक्ष स्थापन केला. 1972 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स त्यांचे उमेदवार होते, आणि टोनी नेथन उपाध्यक्षपदासाठी. मतपत्रिकेवर नाव फक्त दोन राज्यांत होते आणि मते चार हजारांच्या आत पडली. व्हर्जिनियातले रिपब्लिकन निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाचे सदस्य) रॉजर मॅकब्राइड यांनी मात्र पक्षादेश झुगारून आपले मत या जोडीला दिले. त्यामुळे टोनी नेथन या निर्वाचक मंडळाचे मत मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

एवढ्याशा पक्षात दोन वेगळे प्रवाह होते. एक कादंबरीकार आयन रँड यांच्या विचारांवर वाढलेला. पोलीस, न्यायालय आणि सैन्य एवढेच सरकारचे काम, बाकी सगळे लोकांवर सोडा, असे तो म्हणे. (स्वतः रँड यांना हा पक्ष अजिबात मान्य नव्हता आणि त्यांनी ते कडक शब्दांत सांगितलेही.) दुसरा प्रवाह रॉथबार्ड यांचा. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांच्या न्यूयॉर्कमधल्या परिसंवादात घडलेले हे अर्थतज्ज्ञ पोलीस आणि न्यायालयेसुद्धा बाजारातून उभी राहू शकतात आणि राहावीत, असे मानत. कर म्हणजे त्यांच्या लेखी सरळसरळ लूट.

डलासच्या अधिवेशनात या दोन्ही प्रवाहांनी ठरवले की राज्यसंस्था शेवटी राहावी की जावी, यावर पक्षाने मत द्यायचेच नाही. तत्त्वनिवेदनात आधी सरकारचे योग्य काम कोणते हे सांगणारी भाषा होती. तिच्या जागी नवी भाषा आली. तिचा आशय असा की, जिथे सरकारे अस्तित्वात आहेत, तिथे त्यांनी कोणत्याही व्यक्तीच्या हक्कांचे उल्लंघन करता कामा नये. ‘जिथे अस्तित्वात आहेत’ या तीन शब्दांत सगळी तडजोड होती. मर्यादित सरकारवाल्याला सरकार नाकारावे लागले नाही आणि अराज्यवाद्याला ते स्वीकारावे लागले नाही. हे तत्त्वनिवेदन बदलायचे तर अधिवेशनातल्या प्रतिनिधींपैकी सात-अष्टमांश मते हवीत, अशी अटही घालून ठेवली. म्हणजे कोणत्याही गटाने एखाद्या वर्षी बस भरून माणसे आणली, तरी त्याला दुसऱ्याला हुसकावता येणार नव्हते.

हे शहाणपण कुठून आले? रँड यांच्या वर्तुळात मतभेद झाला की माणसाला वाळीत टाकले जाई. रॉथबार्ड स्वतः 1958 साली तिथून कटुतेने बाहेर पडले होते. 1969 मध्ये सेंट लुईस इथे पुराणमतवादी तरुणांच्या ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’च्या अधिवेशनात एका तरुणाने सैन्यभरतीचे कार्ड जाळले, गोंधळ माजला आणि लिबर्टेरियन गट बाहेर फेकला गेला. डलासला जमलेल्यांपैकी अनेकांनी हद्दपारीचे परिणाम भोगले होते. पण माझ्या मते आणखी एक साधे कारण होते. पक्षाकडे काहीच नव्हते. पगारी माणसे नव्हती, इमारत नव्हती, देणगीदारांची रांग नव्हती. दुसऱ्याला हाकलून हाती काय लागणार? सगळे स्वयंसेवक, सगळे आपापल्या नोकऱ्यांवर जगणारे. अशा ठिकाणी एकमेकांना धरून राहण्यातच प्रत्येकाचा फायदा असतो.

याच अधिवेशनात पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष म्हणून एड क्रेन निवडून आले. वित्तक्षेत्रातला हा तरुण संघटनेचा माणूस होता.

तिजोरी

1976 मध्ये त्याच मॅकब्राइड यांना उमेदवारी देऊन पक्षाने 1,72,553 मते मिळवली. टक्केवारी नगण्य असली तरी चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत झेप मोठी होती. कॅन्ससमधल्या विचिटा इथले उद्योगपती चार्ल्स कोक याच सुमारास चळवळीत मोठी रक्कम घालायला तयार झाले. त्यातून 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केटो इन्स्टिट्यूट सुरू झाली. अध्यक्ष क्रेन होते, पैसा कोक यांचा होता आणि वैचारिक अधिष्ठान रॉथबार्ड यांचे. संस्थेचे नाव अठराव्या शतकातल्या ‘केटोज लेटर्स’ या निबंधमालेवरून आले आणि ते सुचवले रॉथबार्ड यांनी.

रॉथबार्ड यांच्या या काळातल्या उत्साहाकडे नीट पाहायला हवे, कारण पुढे त्यांचे समर्थक हा भाग गाळतात. ते पैशाविरुद्ध नव्हते. उलट पगारी, पूर्णवेळ, विचाराने पक्क्या कार्यकर्त्यांचा गाभा उभारल्याशिवाय चळवळ वाढत नाही, हे त्यांचेच म्हणणे होते. 1977 च्या वसंतात त्यांनी रणनीतीवर एक लांबलचक टिपण तयार करून निवडक लोकांत फिरवले. त्यात लेनिनने पक्ष कसा बांधला याचाही अभ्यास होता. असा गाभा उभा करायचा तर कुणीतरी पोसायला हवे, आणि पोसणारा सापडला होता.

काही महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोत चळवळीची एक वसाहतच झाली. केटो होती, डाव्या वाचकांनाही ओढू पाहणारे ‘इन्क्वायरी’ होते, रॉय चाइल्ड्स यांच्या संपादनाखालचे ‘लिबर्टेरियन रिव्ह्यू’ होते, विद्यार्थ्यांची वेगळी संघटना होती. माणसे तीच, इमारती शेजारच्या, पैसा एकाच घराचा. बाहेर राहिलेल्या सॅम्युअल कॉन्किन या अराज्यवाद्याने या पसाऱ्याला ‘कोकटोपस’ असे नाव ठेवले आणि ते चिकटले.

केटोच्या रचनेत एक वेगळेपण होते. ना-नफा संस्था असूनही कॅन्ससच्या कायद्याप्रमाणे तिला भागधारक होते आणि संचालक कोण हे भागधारक ठरवत. चार्ल्स कोक, क्रेन आणि रॉथबार्ड हे सुरुवातीच्या भागधारकांत होते. म्हणजे विचारांची ही संस्था कायद्याच्या दृष्टीने मूठभर माणसांच्या मालकीची होती. डलासच्या सात-अष्टमांशासारखी कोणतीही अट इथे नव्हती. तेव्हा कोणाला ती आवश्यकही वाटली नाही, कारण सगळे मित्र होते.

एका धन्याच्या आधाराने वाढणाऱ्या चळवळीचा अनुभव मुंबईलाही आहे, आणि तो याच विचारधारेशी जोडलेला आहे. पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास लोटवाला यांनी 1921 मध्ये ‘गांधी विरुद्ध लेनिन’ लिहिणाऱ्या तरुण श्रीपाद अमृत डांग्यांना आधार दिला. मार्क्सवादी पुस्तकांचा संग्रहही उभा करून दिला. पुढे लोटवालांचे विचार पार बदलले आणि 1950 च्या दशकात त्यांच्याच आश्रयाने मुंबईतून ‘द इंडियन लिबर्टेरियन’ निघू लागले. लोटवालांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदरच आहे. पण देणाऱ्याचे मत बदलले की देणगीची दिशा बदलते. चळवळीने स्वतःची वर्गणी उभी केली असेल तर ती अशा वेळी तग धरते.

क्लार्क मोहीम

1978 मध्ये एड क्लार्क या वकिलांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत सुमारे 3,78,000 मते, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास, मिळवली. लिबर्टेरियनांसाठी हे अभूतपूर्व होते. 1979 च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनाने त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि उपाध्यक्षपदासाठी चार्ल्स यांचे धाकटे भाऊ डेव्हिड कोक यांना निवडले.

डेव्हिड कोक यांच्या निवडीमागचे गणित उघड होते. 1974 च्या निवडणूक खर्च कायद्याने एका व्यक्तीला एका उमेदवारासाठी 1,000 डॉलरांपेक्षा जास्त देणगी देता येत नव्हती. पण 1976 च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने स्वतःच्या प्रचारावर करायच्या खर्चाची मर्यादा रद्द केली. श्रीमंत देणगीदारच उमेदवार झाला तर मर्यादाच उरत नाही. डेव्हिड कोक यांनी अधिवेशनाला तसे सांगूनच उमेदवारी मागितली आणि पुढे सुमारे 20 लाख डॉलर घातले. स्वखर्चावर बंधन नसावे ही पक्षाची भूमिका होतीच, त्यामुळे यात ढोंग नव्हते. पण पक्षाची राष्ट्रीय मोहीम आता एका कुटुंबाच्या पैशावर उभी राहिली, आणि ती चालवायला केटोतून क्रेन आले.

मोहीम संघटना म्हणून उत्तम चालली. पन्नासही राज्यांत आणि राजधानीत मतपत्रिकेवर नाव आले. तिसऱ्या पक्षासाठी हे किती कष्टाचे असते, हे सह्या गोळा करत दारोदार फिरलेल्यांनाच ठाऊक. पण संदेशाच्या बाबतीत मोहीम मवाळ होत गेली. टीव्हीवर लिबर्टेरियन म्हणजे काय असे विचारल्यावर क्लार्क यांनी उत्तर दिले : कमी करांचा उदारमतवाद.

अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे कल्याणकारी सरकारचा समर्थक. प्राप्तिकरच मुळात अन्याय आहे, असे दहा वर्षे सांगत आलेल्या कार्यकर्त्याला आपला उमेदवार ‘आम्ही तुमच्यासारखेच, फक्त कर जरा कमी’ असे म्हणताना ऐकू आला. रॉथबार्ड यांचा संताप समजण्यासारखा होता. तो मला बराचसा योग्यही वाटतो. लहान पक्षाकडे सत्ता नसते, पैसा नसतो, त्याच्याकडे फक्त वेगळेपण असते. ते सौम्य केले तर मतदाराने मोठ्या पक्षाला सोडून यायचे कशासाठी? त्या वर्षी सरकार आवाक्याबाहेर वाढले आहे असे सांगणारे रोनाल्ड रेगन समोर होते, आणि मध्यममार्गी नाराजांसाठी जॉन अँडरसन अपक्ष उभे होते. मवाळ लिबर्टेरियनाला दोन्हीकडून चेपणारे लोक मैदानात होते.

निकाल लागला तेव्हा क्लार्क यांना 9,21,128 मते, म्हणजे 1.06 टक्के मिळाली. 1976 च्या पाचपटीहून अधिक. टक्केवारीचा हा उच्चांक पुढे 2016 पर्यंत मोडला नाही. क्रेन यांच्या गटाने याला यश म्हटले. एवढा पैसा आणि एवढी तडजोड करून एकच टक्का, असे रॉथबार्ड म्हणाले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि दोन माणसे अशा आकड्यावर शांतपणे वाद घालू शकतात.

तो शांतपणे घातला गेला नाही. रॉथबार्ड ‘लिबर्टेरियन फोरम’ हे स्वतःचे वार्तापत्र चालवत. त्यात त्यांनी क्लार्क मोहिमेवर ‘पुन्हा कधीही नाही’ अशा मथळ्याचा प्रदीर्घ हल्ला चढवला. त्याआधीपासून केटोत ऑस्ट्रियन (मिझेस यांच्या) विचारसरणीबाहेरच्या अर्थतज्ज्ञाच्या नेमणुकीलाही ते विरोध करत होते. त्यांचे मुद्दे बळकट होते. पण ज्या संस्थेच्या संचालक मंडळावर आपण बसतो, तिच्या अध्यक्षावर जाहीरपणे, नाव घेऊन, व्यक्तिगत पातळीवर तुटून पडायचे आणि पुढच्या बैठकीत शेजारी बसायचे, हे कोणत्याही संस्थेत टिकत नाही. इथे रॉथबार्ड यांची चूक होती असे मी स्पष्ट म्हणेन. पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हीच लढाई लढली असती तर ती न्याय्य जागी झाली असती.

27 मार्च 1981

त्या शुक्रवारी सकाळी सॅन फ्रान्सिस्कोत केटोच्या संचालकांची तिमाही बैठक होती. रॉथबार्ड हजर झाले आणि त्यांना बाहेर जायला सांगण्यात आले. त्यांचे भाग रद्द झाले होते, संचालकपद गेले होते. रॉथबार्ड यांच्या म्हणण्यानुसार, त्यांनी भागपत्रे सुरक्षित ठेवण्यासाठी विश्वासाने कोक यांच्या विचिटातल्या कार्यालयात राहू दिली होती आणि तिथेच ती त्यांच्या हातून गेली. आपली मालमत्ता हिरावली गेली, असे त्यांनी ‘लिबर्टेरियन फोरम’मध्ये लिहिले. त्या लेखाचा मथळा होता, ‘शेवट सहसा एड क्रेनपाशी होतो’.

मालमत्तेचा हक्क हा सर्व हक्कांचा पाया, हे या चळवळीचे मूळ सूत्र. त्या सूत्राच्या सर्वात मोठ्या भाष्यकाराला त्याच्याच सहकाऱ्यांनी भागपत्रांच्या मालकीच्या प्रश्नावर दाराबाहेर काढले. यात मला क्रेन यांचा दोष रॉथबार्ड यांच्यापेक्षा मोठा दिसतो. रॉथबार्ड यांनी मर्यादा सोडून लिहिले, पण ते लिखाणच होते आणि त्याला लिखाणाने उत्तर देता आले असते. मोहिमेच्या धोरणावरचा वाद पक्षाचा होता, हजारो कार्यकर्त्यांचा होता. तो एका बंद खोलीत, मालकीच्या जोरावर, दोन-तीन माणसांनी मिटवला.

मिटवला म्हणायचे इतकेच. तिजोरी एकच असल्याने केटोतला तडा त्याच महिन्यात सगळीकडे गेला. पगारी माणसांना बाजू निवडावी लागली आणि पगार कुठून येतो हे सगळ्यांना माहीत होते. बिनपगारी कार्यकर्ते बहुतांशी दुसऱ्या बाजूला गेले. जस्टिन रायमोंडो, एरिक गॅरिस, बिल एव्हर्स यांच्या रॅडिकल कॉकस या पक्षातल्या जहाल गटाने रॉथबार्ड यांची बाजू धरली. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी क्रेन गटाचे केंट गिडा हरले आणि एड क्लार्क यांच्या पत्नी ॲलिशिया क्लार्क निवडून आल्या. मोहिमेच्या उमेदवाराचे घरच क्रेन यांच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले, यावरून कार्यकर्त्यांच्या मनातली नाराजी किती खोल होती ते कळते. प्रतिनिधींच्या मतांनी ठरणाऱ्या जागी क्रेन हरले. भागांनी ठरणाऱ्या जागी ते जिंकले होते.

फुटीनंतर

केटोने सॅन फ्रान्सिस्को सोडून वॉशिंग्टन गाठले. ‘लिबर्टेरियन रिव्ह्यू’ आणि ‘इन्क्वायरी’ थोड्याच वर्षांत बंद पडली, विद्यार्थी संघटनाही विझली. कोक कुटुंबाचा पैसा पक्षातून निघून संशोधन आणि धोरण संस्थांकडे वळला. दुसऱ्या बाजूला ल्यू रॉकवेल यांनी 1982 मध्ये ॲलाबामातल्या ऑबर्न इथे मिझेस इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि रॉथबार्ड तिचे शैक्षणिक प्रमुख झाले. त्या संस्थेने छोट्या देणगीदारांवर भर दिला. फुटीतून घेतलेला हा एकमेव व्यवहार्य धडा होता असे मला वाटते.

1983 मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात शेवटची झुंज झाली. केटोशी संबंधित परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक अर्ल रॅव्हेनल आणि कॅलिफोर्नियातले वकील डेव्हिड बर्गलँड यांच्यात अध्यक्षीय उमेदवारीसाठी अटीतटीची लढत झाली. बर्गलँड निसटत्या फरकाने जिंकले आणि क्रेन यांची माणसे पक्षातून चालती झाली. 1984 मध्ये पक्षाला 2,28,111 मते मिळाली, पाव टक्का. चार वर्षांपूर्वीच्या मतांचा चौथा हिस्सा. तत्त्व शुद्ध ठेवले की मते आपोआप येतात, हा रॉथबार्ड गटाचा विश्वासही त्या आकड्याने खोडून काढला.

विजयी आघाडीही टिकली नाही. त्याच 1983 च्या अधिवेशनात सांस्कृतिक प्रश्नांवरून रॉथबार्ड आणि रॅडिकल कॉकस वेगळे झाले. 1988 मध्ये रॉथबार्ड यांनी पक्षाकडून रॉन पॉल यांच्या अध्यक्षीय उमेदवारीला साथ दिली आणि 1989 मध्ये पक्षच सोडला. 1960 च्या दशकात तरुण डाव्यांशी हातमिळवणी करू पाहणारा हा माणूस आता पुराणमतवादी उजव्यांकडे निघाला होता. 1995 मध्ये त्यांचे निधन झाले.

केटोचे भाग मात्र तसेच राहिले. चार्ल्स आणि डेव्हिड कोक, क्रेन आणि अर्थतज्ज्ञ विल्यम निस्कॅनन हे पुढे चार भागधारक होते. ऑक्टोबर 2011 मध्ये निस्कॅनन वारले. त्यांचे भाग पत्नीकडे जातात की करारानुसार परत द्यावे लागतात, यावर मार्च 2012 मध्ये कोक बंधूंनी कॅन्ससमध्ये दावा लावला. संस्था कोक यांच्या ताब्यात गेली तर तिची स्वायत्तता संपेल, असे आता क्रेन जाहीरपणे सांगत होते, आणि केटोतले बहुतेक अभ्यासक त्यांच्या बाजूने उभे राहिले. जूनमध्ये तडजोड झाली. क्रेन पायउतार झाले, बँकर जॉन ॲलिसन त्यांच्या जागी आले आणि भागधारकांचा करार रद्द करून संचालक मंडळानेच आपले सदस्य निवडण्याची पद्धत लागू झाली.